आठ ते नऊ

संध्याकाळचे आठ वाजत आले की मला भीती वाटायला लागायची. कोणाला अंधाराची भीती वाटते, कोणाला कुत्र्याची. मला मोबाइलच्या पडद्यावर गोल गोल फिरणाऱ्या त्या एवढ्याशा चकतीची वाटायची. हसायचं तर खुशाल हसा. त्या चकतीच्या मागे माझी आई नसती तर मीही हसले असते.

आई म्हणजे इंदुमतीबाई, वय त्र्याऐंशी. कोटरा सुल्तानाबादला बाबांनी बांधलेल्या घरात तळमजल्यावर एकटी राहते. आम्ही राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, आनंद नगरच्या अलीकडे, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. मधे अख्खं भोपाळ. श्रीकांत, म्हणजे आमचे हे, कारखान्याच्या टेस्टिंग विभागात आहेत आणि मी टाउनशिपच्या शाळेत गणित शिकवते. क्वार्टरला तीन खोल्या, मागे पेरूचं झाड, मुलगा अनंत नोकरीला बंगळूरला. म्हणजे आईला ठेवायला जागा नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. येत नाही ती तीच.

"तुमचं क्वार्टर काय तुमचं आहे?" ती विचारते. "श्रीकांतराव रिटायर झाले की चाबी द्या म्हणतील. मंग मी बोचकं घेऊन तुमच्या मागं मागं फिरू का?"

बाबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, आणि आईने तीस वर्षं सरकारी घरांच्या चाव्या घेतल्या आणि परत दिल्या. त्यामुळे तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी रोज रात्री नऊला तिला फोन करायचे, ती "जेवली, औषध घेतलं, झोपते" म्हणायची, आणि माझा दिवस संपायचा.

जानेवारीत एका रात्री तिने फोन उचलला नाही. मी दोनदा लावला. मग म्हटलं, झोपली असेल, थंडी किती आहे. आणि मी रजई ओढून स्वतः झोपले. सकाळी सातला कामवाली बाई गेली तेव्हा आई न्हाणीघराच्या फरशीवर होती. साडेआठला पडली होती. साडेदहा तास, जानेवारीच्या थंडीत, ओल्या फरशीवर. हाड मोडलं नाही, हे नशीब. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर सांगता आलं नसतं. ते वाक्य ऐकताना मी मान डोलावली, घरी आले, आणि बेसिनपाशी उभी राहून मला उलटी झाली. 'झोपली असेल' हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या घशात अडकले आहेत.

मग अनंतने बंगळूरहून कॅमेरा पाठवला. आईच्या हॉलमध्ये भिंतीवरच्या घड्याळाखाली तो लावला. त्यात तिची खुर्ची दिसायची, खुर्चीमागची भिंत, कॅलेंडर, ट्यूबलाइट, आणि एका बाजूला स्वयंपाकघराचं दार. शाळेतून मधल्या सुट्टीत बघावं तर आई छान शेंगा सोलत बसलेली असायची. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार, पण मला त्यात धीर वाटायचा.

दिवसा सगळं ठीक. बाई साडेसहाला निघून जायची, आई एकटी उरायची, आणि साडेसात वाजले की आमच्या घरातल्या इंटरनेटचा जीव जायचा. चित्र यायचं, थांबायचं, तुकडे तुकडे व्हायचं, आणि मग ती चकती. आई हात पुढे करून उठते आहे आणि चकती. आई दाराच्या दिशेने झुकली आहे आणि चकती. ती पडली त्याच वेळेला, रोज. कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, पीक अवर है. शाम को सब लोग एक साथ चलाते हैं." सगळी कॉलनी एकदम पाण्याची मोटर लावते तेव्हा वरच्या मजल्यावर धार बारीक होते, तसं हे. पाणी मी भरून ठेवू शकत होते. आईला कशी भरून ठेवू?

श्रीकांतांनी ते काम आपल्या हातात घेतलं. टेस्टिंगचा माणूस. त्यांच्या विभागात एक नियम आहे, आधी मीटर तपासायचा, मग मशीन. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एक चांगला ट्रान्सफॉर्मर खराब ठरवला होता. खराब होती ती मीटरची वायर. तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर जे सुनावलं ते चौतीस वर्षांनंतरही त्यांच्या कानात आहे. आमच्या घरी वरण खारट झालं तरी हे आधी आपली जीभ तपासतात.

त्यांनी जुन्या टेस्ट रिपोर्टचा कोरा गठ्ठा काढला आणि दर अर्ध्या तासाने रीडिंग लिहायला सुरुवात केली. वेळ, वेग, शेरा. दुपारी पन्नास, सहाला चाळीस, साडेसातला सहा, आठला दोन. मग एकेक दोष शोधत गेले. राउटर लोखंडी कपाटावर गणपतीच्या मखराच्या खोक्यामागे ठेवला होता, तो खिडकीत आला. आसपासच्या सगळ्या क्वार्टरांचे राउटर एकाच चॅनेलवर गर्दी करून होते, आमचा दुसऱ्यावर नेला. मग पासवर्ड. टाउनशिपमध्ये शिडी, ड्रिल मशीन, कुकरची रिंग, सगळं सामायिक असतं. तसा लॉकडाउनमध्ये आमचा पासवर्डही सामायिक झाला होता आणि आम्ही ते विसरून गेलो होतो. तो बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या भाभी जिन्यात विचारतात, "भाभीजी, आपका नेट बंद है क्या? दो दिन से हमारा सीरियल नहीं चल रहा." मी म्हटलं, हो ना, कंपनीच बेकार आहे.

आमच्याकडचा वेग सुधारला. चित्र तरी अडकतच होतं. तेव्हा यांनी मला समजावलं की चित्रात हालचाल फार असली की लाइनीवर जास्त भार पडतो. माणूस बसलेला असला तर कमी. त्या दिवशी शाळेत कॉपीची केस झाली होती, डोकं तापलेलं होतं. मी नऊच्या फोनवर आईवरच घसरले.

"तू सारखी इकडून तिकडे करत असतेस, आई. हललीस की चित्र मोडतं. आठ ते नऊ मी फोन घेऊन बसते ना, तेवढा वेळ तरी एका जागी बसत जा की."

"बरं बाई," ती म्हणाली. मग तिने बाईने पोळ्या कशा जाड केल्या ते सांगितलं.

पुढच्या रविवारी आम्ही कोटऱ्याला गेलो. श्रीकांतांनी तिथला राउटर फ्रिजमागून काढून हॉलमध्ये आणला. कॅमेऱ्याचं चित्र अगदी हलकं करून टाकलं. त्यात कोपऱ्यातले वेळेचे आकडे वाचता येईनात, आईचा चेहराही पुसटच दिसायचा, पण चित्र आलं तर पाहिजे. आवाजही बंद केला, कारण तोही लाइन खातो. आई खुर्चीवरून सगळं बघत होती.

"आता नाही ना मोडणार, श्रीकांतराव?"

"नाही मोडणार, आई. तुम्ही आता निश्चिंत राहा."

सोमवारी आठला मी फोन उघडला. चित्र लगेच आलं, चकती नाही, तुकडे नाहीत. आई खुर्चीत, हात मांडीवर. मी देवाला हात जोडले. आणि मग माझ्या लक्षात आलं की आई हलत नाहीये. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हात मांडीवर ते मांडीवरच. पुन्हा अडकलं होतं. यांनी रीडिंग घेतलं, शेहेचाळीस. "रीडिंग चांगलं आहे आणि चित्र मेलंय," ते म्हणाले आणि मी त्यांच्यावर ओरडले, की तो शब्द वापरू नका. नऊच्या ठोक्याला चित्र आपोआप जिवंत झालं. आई खुर्चीच्या दांड्याला धरून हळूच उठली. मी फोन लावला.

"दिसली का मी?" तिने पहिलं हेच विचारलं.

"कुठची दिसतेस! आजही अडकलं होतं."

"अगंबाई. बरं, उद्या पाहू. आता जेवते मी."

"इतक्या उशिरा?"

"भूक नव्हती."

मंगळवारी तेच. आठला चित्र स्वच्छ, मग अडकलं, नऊला सुरू. मी फोनवर वैतागून म्हटलं, आजही नाही दिसलीस. श्रीकांतांना मात्र थोडा आनंदच झाला होता. "ठरलेल्या वेळी येणारा दोष सापडतोच," ते म्हणाले. त्यांनी कंपनीला इंग्रजीत मोठी तक्रार लिहिली की चित्र दररोज बरोबर आठ ते नऊ गोठतं आणि आपण आपली उपकरणं तपासावीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पण हे मी आज म्हणते. त्या दिवशी मीच ती तक्रार वाचून स्पेलिंगं सुधारून दिली.

बुधवारी शाळेत पालकांची सभा होती, मला यायला उशीर झाला. आठ वाजून पाच मिनिटांनी मी फोन उघडला.

आईची मान डावीकडे कलली होती. डोकं भिंतीला टेकलेलं. हात मांडीवर, पण उजवा तळवा उलटा, वर उघडा.

"अहो," मी हाक मारली. "हे बघा."

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "अशीच असताना अडकलं असेल. आठ ते नऊ आहे ना."

पटण्यासारखं होतं. झोपली असेल, इतकंच पटण्यासारखं. मी आईला फोन लावला. पूर्ण वाजला आणि बंद झाला. परत लावला. तिचा मोबाइल संध्याकाळी आतल्या खोलीत चार्जिंगला असतो, पण नऊचा फोन ती तिसऱ्या घंटीला उचलते. मग आणखी पाच वेळा लावला. त्या रिकाम्या घरात घंटी वाजते आहे आणि पडद्यावरची आई मान टाकून बसली आहे, हे दोन्ही एकदम माझ्या डोक्यात मावेना.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू उषाताईंना फोन केला. मागे बँड वाजत होता. "ताई, मी तर करोंदला आलेय, लग्नाला. काय झालं? जोरात बोला, काही ऐकू येत नाहीये." त्यांच्याशिवाय मला त्या गल्लीतला एकही नंबर माहीत नव्हता. समोरच्यांचा घ्यायचा म्हणून पंधरा दिवस घोकत होते. आता ते पंधरा दिवस माझ्याकडे बघत उभे होते.

श्रीकांत टेबलाशी बसून लॅपटॉपला वायर जोडत होते. त्यांचे हात शांत होते, त्याचाही मला राग आला.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "वायरवरही अठ्ठेचाळीस. लाइन स्थिर आहे. मग हे का अडकावं?"

"सोडा ना ते! निघू या आपण."

"दोन मिनिटं, नलिनी. पाऊण तास जाणार तिथे पोचायला. आधी आपली बाजू तपासू. राउटर बंद करून चालू करतो."

राउटर बंद झाला आणि पडदा काळा पडला. ती तीन मिनिटं मी खोलीभर येरझारा घालत होते. दिवे एकेक करून लागले, हिरवा, हिरवा, मग तिसरा. चित्र आलं. मान डावीकडे. तळवा उलटा. जसंच्या तसं.

"जुनंच चित्र परत दाखवतंय," श्रीकांत पुटपुटले. पण त्यांचा आवाज आता तेवढा पक्का नव्हता. आम्ही दोघं फोनवर वाकलो. आठ बत्तीस झाले होते. मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मी त्या पुसट चेहऱ्यात तोंड उघडं आहे का ते शोधत होते, आणि शोधू नये असंही वाटत होतं.

तेवढ्यात आईच्या डोक्यावरच्या भिंतीवर काहीतरी सरकलं.

ट्यूबलाइटच्या मागून एक पाल बाहेर आली. ती थोडी पुढे आली, थांबली, आणि मग भिंतीवरून तिरकी पळत कॅलेंडरच्या मागे गेली. आई तिच्या खाली तशीच होती.

मग श्रीकांतांनी चष्मा काढला. चौतीस वर्षं ज्या आवाजात ते रिपोर्ट वाचतात, त्याच आवाजात म्हणाले, "मीटर बरोबर आहे, नलिनी."

चित्र अडकलं नव्हतं. पाल हलत होती. हलत नव्हती ती आई.

चपला कशा घातल्या आठवत नाही. एक माझी होती आणि एक यांची, हे मला नंतर कळलं. गाडी टाउनशिपच्या फाटकाबाहेर पडली तेव्हा मी रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लावला होता. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "मरीज को क्या हुआ है?"

"हिल नहीं रही हैं."

"साँस चल रही है?"

"मुझे नहीं पता. मैं वहाँ नहीं हूँ. मैं तो..." मी उंटावर आहे, असं काहीतरी म्हणायला झालं. "मैं कैमरे में देख रही हूँ."

पत्ता सांगताना मी माझ्या माहेरचा घर नंबर विसरले. श्रीकांतांनी गाडी चालवता चालवता सांगितला.

गोविंदपुऱ्यापर्यंत रस्ता मोकळा होता. चेतक पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी चालत होत्या. बोर्ड ऑफिसच्या चौकात वरात. डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेली माणसं रांगेने चालली होती, घोडा नाचत होता, आणि आमच्या काचेसमोर एक जाडे गृहस्थ नोटा ओवाळत होते. मी काच खाली करून किंचाळले. मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही; शाळेतल्या मुलांनी ऐकलं असतं तर त्यांनी मला पुन्हा कधी बाई म्हटलं नसतं. ते गृहस्थ माझा चेहरा बघून बाजूला झाले.

फोन माझ्या हातात होता. चित्र चालूच होतं, आणि आता मला ते अडकायला हवं होतं. ती चकती फिरू दे, तुकडे होऊ दे, म्हणजे मी म्हणू शकेन की नेट खराब आहे. तीन आठवडे ज्या चकतीला मी शिव्या दिल्या, तिचीच मी गाडीत बसून विनवणी करत होते. साडेदहा तासांत आईला वाचवणारा देव एकदाच मदत करतो, दुसऱ्यांदा नाही, असं काहीतरी माझ्या मनात पक्कं बसलं होतं. आईला मारलं तर मीच, पहिल्यांदा झोपून आणि दुसऱ्यांदा राउटर चालू-बंद करू देऊन, हाच हिशोब डोक्यात फिरत होता.

"पंचवीस मिनिटं वाया घालवली मी," श्रीकांत म्हणाले. समोर बघतच म्हणाले. मी त्यांना नाही म्हटलं नाही. तेवढं मोठं मन त्या वेळी माझ्याकडे नव्हतं.

माता मंदिराच्या पुढे माझी विनवणी ऐकली गेली. चकती आली. फिरली, फिरली, फिरत राहिली. मग चित्र उघडलं, तेव्हा नऊ वाजून दोन मिनिटं झाली होती.

खुर्ची रिकामी होती.

कॅमेऱ्यात खुर्चीच्या बैठकीच्या खालचं काही दिसत नाही. फरशी दिसत नाही. मी पडदा बोटांनी मोठा केला, लहान केला, जणू पडद्याची खालची कड ओढून फरशी वर आणता येणार होती. "घसरली," मी म्हणाले. "अहो, घसरून खाली पडली ती." त्यानंतरचं मला आठवतं ते एवढंच, की श्रीकांतांनी लाल सिग्नल तोडला. या माणसाने आयुष्यात कधी पिवळासुद्धा तोडला नव्हता.

घरासमोर गाडी थांबली आणि मागोमाग रुग्णवाहिकाही आली. आईने आतली कडी लावायची नाही, हे जानेवारीपासून ठरलं होतं. लॅचची किल्ली माझ्याकडे होती. ती कुलपात जाईना. श्रीकांतांनी माझा हात बाजूला करून दार उघडलं.

हॉलमध्ये ट्यूबलाइट जळत होती. खुर्ची रिकामी. खुर्चीखाली फरशी, स्वच्छ पुसलेली, रिकामी. स्वयंपाकघर रिकामं. न्हाणीघराचं दार बंद आणि खालच्या फटीतून उजेड.

मी त्या दारापर्यंत गेले आणि मला हात वर करता येईना. जानेवारीत बाईने मला जे सांगितलं होतं ते सगळं त्या दारामागे आहे, असं मला वाटलं. ओली फरशी, पाय, उपडी बादली. माझा आवाज निघाला तो पाच वर्षांच्या मुलीचा निघाला.

"आई?"

"अगं आली, आली! एवढी कसली घाई?" आतून आवाज आला. "कवाची धरून बसली होती मी. जरा दम तर खा."

मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. श्रीकांतांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई बाहेर आली, पदराला हात पुसत. मला, जावयाला आणि दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेतल्या माणसाला तिने पाहिलं.

"कोणाला काय झालं?" तिने घाबरून विचारलं.

"तू फोन का उचलला नाहीस?" मी ओरडले. रडत ओरडले. "सात वेळा केला मी!"

"वाजला ना. पण नऊ कुठं झाले होते?" ती म्हणाली, आणि इतक्या साध्या गोष्टीला मी का रडते ते तिला कळेना.

रुग्णवाहिकेतल्या माणसाने तिला खुर्चीत बसवलं. मान का वाकडी होती विचारलं तर म्हणाली, दुखत होती म्हणून भिंतीला टेकवली, मग तशीच राहू दिली. त्याने ब्लडप्रेशर बघायला तिच्या डाव्या हाताची बाही वर केली आणि तो थांबला. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या, एकाला एक लागून. काही आजच्या, काही दोन दिवसांच्या, काळपट पडलेल्या. त्याने दुसरा हात बघितला. तोही तसाच.

"माँजी, मच्छर नहीं भगातीं क्या आप?"

"हिलना नहीं था ना, बेटा," आई त्याला समजावत म्हणाली. "आठ से नौ. हिली तो इसको तस्वीर टूट के दिखती है."

श्रीकांत कॅमेऱ्याकडे बघत होते. मी सोमवारी म्हटलं, आजही अडकलं होतं. मंगळवारी ती जास्त स्थिर बसली. मी म्हटलं, आजही नाही दिसलीस. म्हणून बुधवारी तिने डासही हाकलले नाहीत, मान सरळ केली नाही, लघवी धरून ठेवली आणि आतल्या खोलीत सात वेळा वाजणारा फोन वाजू दिला. समोरच्या घड्याळाकडे बघत, नऊ व्हायची वाट बघत. आणि मी तिकडे अर्धा तास तिला मेलेली बघत होते.

ब्लडप्रेशर थोडं जास्त होतं, बाकी ठीक, असं सांगून तो माणूस पिशवी आवरू लागला. मी आईचे हात माझ्या हातात घेतले. ते गरम होते, त्या गांधींमुळे खरखरीत. भीती गेलेली नव्हती. ती फक्त जागा बदलून माझ्या दिशेला तोंड करून बसली होती. या बाईला मी शाळेतल्या आवाजात जे काही सांगेन ते ती करणार, जीव जाईपर्यंत करणार, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आईने माझ्या पायांकडे बघितलं, एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात यांची. मग ती जराशी पुढे वाकली आणि निकालाच्या दिवशी मुलं विचारतात तसं हळूच विचारलं,

"आज तरी नीट दिसलं का ग?"

"दिसलं," मी म्हणाले. "अगदी स्वच्छ दिसलं, आई. आता हल."